न वाजणाऱ्या भांड्याची पारख

बाजारात वस्तू पारखून घेण्याच्या आपल्या ज्या जुन्या रीती आहेत, त्या डोळा, कान आणि हात यांच्या भरवशावर चालत आल्या आहेत. हंडा टिचकी मारून घ्यावा, नारळ कानाशी हलवून घ्यावा, तांदळाचा दाणा दाताखाली धरून पाहावा. परंतु अलीकडे घरोघर अशी एक वस्तू शिरली आहे, की तिच्यापुढे ही सारी विद्या आंधळी ठरते. संगणकाच्या पोटात बसणारी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, मुलांच्या भाषेत एसएसडी, ही ती वस्तू. टिचकी मारा, हलवा, उन्हात धरा, ती आपले गुणदोष बोलत नाही. चांगली आणि वाईट एकाच अंगलटीच्या. वेष्टनावरचे रंग तेवढे निराळे!

मराठीच्या अध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे वाचक विचारतील. कारण साधे आहे. आमच्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या दोनशेंवर ओव्या आमच्या घरच्या संगणकात आहेत. त्या तिच्याच आवाजात आहेत, आणि आता ती नाही. गेल्या श्रावणात त्या संगणकाच्या जुन्या हार्ड डिस्कमधून खडा अडकलेल्या जात्यासारखी घरघर ऐकू येऊ लागली. चिरंजीवांनी त्याच रात्री ओव्यांची नक्कल दुसरीकडे करून ठेवली आणि निकाल दिला, "बाबा, आता एसएसडी घ्या." घ्यायची खरी, पण भरवशाची कोणती, हे शोधण्यात आमचा सगळा भाद्रपद गेला. त्या खटाटोपातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात. १९५६ साली आयबीएमने अशी पहिली डिस्क काढली, तेव्हा दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्यांवर अवघी पन्नास लाख अक्षरे मावत. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. जपानातील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात जी फ्लॅश स्मृती शोधून काढली, तिच्या चिपांमध्ये सूक्ष्म कप्पे असतात आणि कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. म्हणून ती जलद, हादऱ्याला न भिणारी आणि मुकी. दोष एवढाच की, प्रत्येक वेळी पुसून लिहिताना कप्पा थोडा थोडा झिजतो.

आता पारखेचा पहिला मुद्दा. एका कप्प्यात किती बिऱ्हाडे आहेत, हे विचारावे. जुन्या महागड्या ड्राइव्हमध्ये कप्प्यात एकच अंक असे. हल्ली बहुधा तीन असतात, त्यांना टीएलसी म्हणतात. आणि स्वस्त मालात चार, त्यांना क्यूएलसी म्हणतात. तीन अंक ठेवायचे तर विद्युतभाराच्या आठ पायऱ्या ओळखाव्या लागतात, चार ठेवायचे तर सोळा. चाळीतल्या एका खोलीत तीन बिऱ्हाडे कशीबशी नांदतात. चौथे आले की भाडे कमी होते, पण भिंती लवकर खचतात.

हा फरक कागदावर वाचता येतो. किती टेराबाइट लिहून होईपर्यंत हमी आहे, तो आकडा टीबीडब्ल्यू या नावाने कंपन्या छापतात. सॅमसंगच्या एक टेराबाइटच्या दोन ड्राइव्ह घ्या. ८७० इव्हो ही टीएलसी जातीची. तिला ६०० टेराबाइट किंवा पाच वर्षे. ८७० क्यूव्हीओ ही क्यूएलसी जातीची. तिला ३६० टेराबाइट किंवा तीन वर्षे. घर एकच, मोजमाप एकच, पण खुद्द आईबापच एकीची पाच वर्षांची हमी घेतात आणि दुसरीची तीन! यातून काय समजायचे ते गिऱ्हाइकाने समजावे.

मात्र या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. घरच्या संगणकावर दिवसाला वीस गिगाबाइट लिहिले जातात असे धरले, आणि तेही पुष्कळच झाले, तर ३६० टेराबाइट संपायला अठरा हजार दिवस, म्हणजे एकोणपन्नास वर्षे लागतील. तोवर आपणच वॉरंटीबाहेर गेलेले असू.

मग या ड्राइव्ह मरतात कशाने? बहुधा कप्पे झिजून नव्हे, तर कारभारी बिघडून. आत कंट्रोलर नावाची एक चिप सगळा कारभार पाहते आणि फर्मवेअर नावाच्या आज्ञांवर चालते. त्या आज्ञांत चूक राहिली, की धडधाकट ड्राइव्ह बसल्या जागी डोळे मिटते. २०१९ साली एचपीई या कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांतील काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता की, फर्मवेअर बदलले नाही, तर त्या बरोबर ३२,७६८ तास चालून कायमच्या बंद पडतील. हा आकडा मुहूर्त पाहून निघालेला नाही. दोनचा पंधरावा घात आहे तो. तास मोजणारी जागा भरली, की खेळ खलास! म्हणून दुसरा मुद्दा असा, की जी कंपनी आपल्या चुका कबूल करून नवे फर्मवेअर देते आणि जिची वॉरंटी आपल्या शहरात वसूल होते, तिचाच माल घ्यावा. पावती जपून ठेवावी.

तिसरा मुद्दा जोडणीचा. आमचा एक जुना विद्यार्थी संगणकदुरुस्तीचे दुकान चालवतो. तो म्हणाला, "सर, आधी तुमच्या मशीनमध्ये काय बसते ते बघू." पत्त्याच्या पानाहून अरुंद अशी जी एम-टू आकाराची पट्टी मिळते, ती साटा पद्धतीची असू शकते किंवा एनव्हीएमई पद्धतीची. दिसायला जवळजवळ जुळ्या बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असे नाही. साटाचा वेग सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास, एनव्हीएमईचा हजारोंच्या घरात. पत्रे लिहिणे, गाणी ऐकणे आणि मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी हा फरक क्वचितच जाणवतो. "वेगाला पैसे टाकू नका सर, वॉरंटीला टाका," हा शिष्याचा उपदेश आम्ही शिरसावंद्य मानला.

चौथा मुद्दा लबाडीचा. सोळा टेराबाइटची ड्राइव्ह भाजीच्या भावात मिळते आहे असे दिसले, तर लांबूनच नमस्कार करावा. अशा मालाच्या आत लहानशी चिप असते आणि ती संगणकाला खोटे माप सांगते. जागा संपली की नवे लिहिता लिहिता जुने पुसले जाते. ड्राइव्ह काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहणारे फुकट प्रोग्रॅम मिळतात. नव्या वस्तूची ती टिचकी समजावी. एक टेराबाइटची ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ दाखवते, त्यावरून मात्र दुकानदाराशी भांडू नये. तो हजार आणि एक हजार चोवीस या दोन मापांतला फरक आहे.

हे सारे पुराण आम्ही घरी सांगितले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, "एवढी पारखून घेतलेली गेली, तर सासूबाईंच्या ओव्या परत मिळतील का?"

प्रश्न वर्मावर बसणारा होता. हार्ड डिस्क पुष्कळदा मरण्याआधी कण्हते, आणि कुशल कारागीर तिच्या चकत्यांवरून बरेच काही परत काढतो. एसएसडी अनेकदा न सांगता जाते आणि तिच्यातून काही काढणे फार अवघड असते. अमेरिकेतील बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या ड्राइव्हच्या मृत्यूंची नोंद प्रसिद्ध करते. तिच्या एसएसडींत वर्षाकाठी शंभरात सुमारे एक दगावलेली दिसते. हे प्रमाण थोडे खरे, पण ती एक आपल्याच घरची असली तर तेवढ्याने समाधान होत नाही. आणि घरातली एकुलती नक्कल एसएसडीवर करून वर्षानुवर्षे कपाटातही टाकू नये. वीज न मिळता, विशेषतः उन्हाळ्याच्या उष्णतेत, झिजलेल्या कप्प्यांतला भार हळूहळू गळतो.

तेव्हा आमच्या घरी ठरले ते असे. संगणकात पाच वर्षांच्या वॉरंटीची टीएलसी ड्राइव्ह. दुसरी नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर. तिसरी सांगलीला धाकट्या बहिणीकडे. कारण आग, पूर आणि चोर या तिघांना एकाच दिवशी दोन गावी येणे जमत नाही. वाचकांनीही आपापल्या घरी हा हिशेब मांडावा. लग्नाची छायाचित्रे, आजोबांचा आवाज, जमिनीचे कागद, मुलांची पहिली अक्षरे, यांतले काय बाजारात पुन्हा विकत मिळत नाही, त्याची यादी करावी आणि तेवढ्याच्या तरी तीन नकला ठेवाव्यात.

पाडव्याला आपल्याकडे व्यापारी नवी वही घालतात. नोकरदारांच्या घरी वही नसते, पण संगणक असतो. त्या दिवशी फराळ आटोपल्यावर अर्धा तास काढावा, नक्कल करावी, आणि झालेली नक्कल उघडून, ऐकून पाहावी. मग खुशाल ओवाळून घ्यावे.