चार सामने मोजले, धडका कोण मोजणार?

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतील विद्यापीठांच्या मैदानांवर कॉलेज फुटबॉलची सराव शिबिरे सुरू होतात. हे फुटबॉल मेस्सी-रोनाल्डोचे नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड आणि समोरच्याला अंगाने अडवून आडवे करण्याचा हा खेळ. मे-जूनमध्ये शाळा संपवून आलेला 18 वर्षांचा मुलगा या शिबिरात 22-23 वर्षांच्या, तीन-चार वर्षे व्यायामशाळेत घडलेल्या गड्यांसमोर उभा राहतो. मग दरवर्षीचा वाद सुरू होतो. या नवख्याला यंदाच उतरवायचे की वर्षभर थांबवायचे? क्रीडा पानांवर आणि वाहिन्यांवर त्याचा कीस पाडला जातो, पण बहुतेक वेळा एकाच अंगाने. संघाला त्याची गरज किती, एवढेच पाहिले जाते. त्याचे शरीर किती तयार आहे, हा प्रश्न मागच्या बाकावर बसतो.

या वादाला नियमांची जुनी चौकट आहे. 1972 पूर्वी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला साधारणपणे विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळताच येत नसे. त्या वर्षी एनसीएए या विद्यापीठ क्रीडा संघटनेने फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये ही बंदी उठवली. त्यानंतरचा रूढ हिशेब असा की खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. राखून ठेवलेल्या एका वर्षाला ‘रेडशर्ट’ म्हणतात. त्या वर्षी खेळाडू संघासोबत राहतो, सराव करतो, सामने मात्र खेळत नाही. 2018 मध्ये नियम सैल झाला. आता चार सामन्यांपर्यंत खेळूनही हंगाम राखून ठेवता येतो. यातली गंमत अशी की एका सामन्यात एकच डाव खेळला तरी पूर्ण सामना मोजला जातो, पण सरावात शंभर दिवस धडका खाल्ल्या तरी त्या हिशेबात शून्य. म्हणजे हा नियम खेळाडूची पात्रता मोजतो. त्याच्या शरीराशी त्याला देणेघेणे नाही.

नवख्यांना लगेच खेळवावे, असे म्हणणाऱ्यांकडे उदाहरणांची वाण नाही. ट्रेव्हर लॉरेन्स हा 2018 मध्ये क्लेमसनचा पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक. चार सामन्यांनंतर त्याला मुख्य जागा मिळाली आणि जानेवारी 2019 मध्ये त्याच्या संघाने अलाबामाला 44-16 असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतले. त्याच्यासाठी ज्याला बाजूला व्हावे लागले, तो केली ब्रायंट बरोबर चार सामने खेळून संघ सोडून गेला. नव्या नियमामुळे त्याचा उरलेला हंगाम शाबूत राहिला. पहिल्याच वर्षी हा नियम वाटाघाटीचे हत्यार कसा झाला, ते यातून दिसले.

दुसरे नाव मार्कस लॅटिमोरचे. साउथ कॅरोलिनासाठी 2010 मध्ये पहिल्याच हंगामात तो 249 वेळा चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीत घुसला आणि 1,197 यार्ड धावला. पुढच्या वर्षी त्याचा एक गुडघा गेला, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा. व्यावसायिक संघाने त्याला घेतले, पण एकही सामना न खेळता 2014 मध्ये तो निवृत्त झाला. पहिल्या वर्षी थांबवले असते तर त्याचे गुडघे वाचले असते, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. धडकेत कोणाचाही गुडघा जातो. तरीही 18-19 वर्षांच्या मुलावर एका हंगामात किती भार टाकायचा हे तेव्हा कोणत्याही नियमात नव्हते. आजही नाही.

आता शरीराकडे वळू. अठरा पूर्ण झाली म्हणजे हाडे पक्की झाली, ही समजूत कायद्याच्या पुस्तकात ठीक आहे. गळपट्टीच्या हाडाचे छातीकडील टोक विशीच्या मध्याला कुठे पूर्ण जुळते. कमरेच्या हाडाची वरची कडही अठराव्या वर्षी अनेकांत जुळायची बाकी असते. हाडांची घनता विशीतही वाढतच असते. त्याहून महत्त्वाची बाब स्नायू आणि स्नायुबंधांची. विद्यापीठात आल्यावर मुलाला वजने उचलायला लावतात, भरपूर खायला घालतात आणि वर्षभरात त्याचे वजन आठ-दहा किलोंनीही वाढू शकते. स्नायू अशा व्यायामाला लवकर दाद देतात. त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे मात्र सावकाश घट्ट होतात. इंजिन मोठे बसवले आणि सांगाडा जुनाच ठेवला, तशी या मुलांची काही महिने अवस्था असते. आरशात तो तयार दिसतो, म्हणून प्रशिक्षकालाही तयार वाटतो.

ही तयारी जागेनुसार बदलते, हेही ध्यानात घ्यायला हवे. चेंडू झेलण्यासाठी कडेने धावणाऱ्या मुलाचा वेग अठराव्या वर्षीही पुरेसा असू शकतो. अगदी पुढच्या फळीत उभे राहणाऱ्या लाइनमनचे तसे नाही (महावितरणच्या खांबावर चढणाऱ्याशी या शब्दाचा संबंध नाही). प्रत्येक डावात सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस त्याच्या अंगावर येतो आणि ही टक्कर सामन्यात साठ-सत्तर वेळा होते. ‘नवख्याला खेळवावे का’ या प्रश्नाला त्यामुळे एकच उत्तर देता येत नाही. कोणत्या जागेवर, हे आधी विचारावे लागते.

मात्र सर्वांत मोठा गैरसमज बाकाविषयी आहे. थांबवलेला मुलगा सुरक्षित, असे गृहीत धरले जाते. अमेरिकेतील सहा विद्यापीठांच्या 658 खेळाडूंवर 2015 ते 2019 या पाच हंगामांत झालेला एक अभ्यास 2021 मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूला बसलेल्या आघातांपैकी (कन्कशन) 72 टक्के सरावात झाल्याचे आढळले. हंगामपूर्व शिबिराचा काळ एकूण हंगामाच्या जेमतेम पाचवा हिस्सा, पण जवळपास निम्मे आघात त्याच काळातले. आणि सरावात रेडशर्ट मुलगा काय करतो? पुढच्या शनिवारी समोर येणाऱ्या संघाची नक्कल करणाऱ्या तुकडीत उभा राहून आपल्याच मुख्य खेळाडूंच्या धडका झेलतो. प्रेक्षक नसतात, कॅमेरे नसतात, एवढाच फरक.

याला आणखी एक पदर आहे. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 266 दिवंगत फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास केला. वारंवारच्या आघातांशी जोडलेला सीटीई हा मेंदूचा ऱ्हासविकार असण्याची शक्यता खेळाच्या प्रत्येक वाढीव वर्षागणिक सुमारे 30 टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते आणि ज्यांना त्रास होता त्यांचेच दान अधिक होण्याची शक्यता असते. त्यामुळे त्यावरून सर्व खेळाडूंतील प्रमाण काढता येत नाही. पण वर्षे मोजायची ही दिशा दुर्लक्षिण्यासारखी नाही. तिच्या उजेडात रेडशर्टकडे पाहिले तर ‘वाचवलेले वर्ष’ हे वर्णनच उलटे ठरते. चारऐवजी पाच वर्षे मुलगा धडकांच्या मैदानात राहतो.

उन्हाळ्याचा धोका वेगळा आणि अधिक तातडीचा. घरी सुट्टी घालवून आलेल्या मुलाच्या शरीराला उष्णतेत श्रम करण्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणूनच 2003 पासून शिबिराच्या सुरुवातीच्या दिवसांत अंगावरचे साहित्य टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा नियम आहे. तरीही मे 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या जॉर्डन मॅकनेअर या 19 वर्षांच्या लाइनमनला धावण्याच्या सरावात उष्माघात झाला आणि दोन आठवड्यांनी तो दगावला. त्याला वेळेवर बर्फाच्या पाण्यात बुडवले गेले नव्हते. विद्यापीठाने पुढे आपली जबाबदारी मान्य केली. तो सामना नव्हता. हंगामही सुरू व्हायचा होता.

त्याआधी 2006 मध्ये टेक्सासच्या राइस विद्यापीठात डेल लॉइड हा पहिल्या वर्षाचा मुलगा धावण्याच्या सरावात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्यात सिकलसेलचा वाहकगुण होता आणि तो कोणाला ठाऊक नव्हता. गडचिरोली-नंदुरबारच्या वाचकांना हा शब्द परका नाही. वाहकांना रोजच्या जगण्यात सहसा काही त्रास होत नाही, पण विश्रांतीविना टोकाचे श्रम करताना क्वचित त्यांचे स्नायू विरघळू लागतात. लॉइडच्या कुटुंबाने खटला भरला, तडजोड झाली आणि 2010 पासून वरच्या श्रेणीच्या विद्यापीठांत खेळाडूंची ही चाचणी सुरू झाली. साध्या रक्तचाचणीला चार वर्षे आणि एक न्यायालय लागले.

मग मुलांना खेळवूच नये का? तसा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे प्रशिक्षकांचे म्हणणे खरे आहे. वेगाने बदलणाऱ्या डावात कुठे पाहायचे आणि धडक कधी चुकवायची, हे प्रत्यक्ष सामन्यातच अंगवळणी पडते. न शिकलेला खेळाडू तिसऱ्या वर्षी उतरला तरी नवखाच असतो. निकाल हाती आलेल्या सामन्याच्या अखेरच्या सत्रात, थोड्या डावांसाठी नवख्याला उतरवणे हा 2018 च्या नियमाचा सर्वांत शहाणा वापर आहे. पाच वर्षांत पाचही हंगाम खेळू द्यावेत, ही मागणीही अलीकडे जोर धरते आहे. ती मान्य झाली तर वर्ष राखण्याचा हिशेबच संपेल आणि मुलाला पहिल्या शनिवारीच उतरवण्याचा मोह वाढेल.

म्हणून मोजणी बदलायला हवी. मर्यादा सामन्यांवर न घालता एकूण धडकांवर घालावी, सरावातल्याही. हे स्वप्नरंजन नव्हे. वर उल्लेखलेल्या अभ्यासात हेल्मेटमधील संवेदकांनी प्रत्येक धडकेची नोंद ठेवलीच होती. त्या निष्कर्षांनंतर एनसीएएने 2021 मध्ये शिबिरातील पूर्ण पॅडचे सराव कमी करून नऊवर आणले. पण ही कात्री सर्वांना सारखीच लागली. पहिल्या वर्षाच्या मुलासाठी, विशेषतः पुढच्या फळीतल्या, वेगळी आणि कडक मर्यादा हवी. मानेची व पायांची ताकद, उष्णतेची सवय आणि पूर्वीच्या आघातांचा इतिहास तपासूनच त्याला पूर्ण धडकांच्या सरावात सोडावे.

हा निर्णय कोणाचा, यावर सगळे अडते. मोठ्या परिषदांच्या विद्यापीठांत 2016 पासून जखमी खेळाडूला परत कधी खेळवायचे यावर वैद्यकीय चमूचा शब्द अंतिम असतो. प्रशिक्षक तो फिरवू शकत नाही. पण त्यासाठी खेळाडू आधी जखमी व्हावा लागतो आणि त्याने ते सांगावे लागते. महत्प्रयासाने संघात जागा मिळालेला 18 वर्षांचा मुलगा डोके गरगरत असल्याचे सांगायला सर्वांत शेवटी तोंड उघडतो, कारण त्याच्या जागेसाठी मागे तिघे उभे असतात. तोच अधिकार दुखापतीच्या आधीच्या टप्प्यावर आणायला नवी संस्था लागत नाही, नवा निधीही फारसा लागत नाही. संघात कोण खेळणार ही यादी प्रशिक्षक लावतो. त्या यादीतल्या पहिल्या वर्षाच्या नावांपुढे वैद्यकीय चमूच्या सहीचा एक रकाना वाढवायचा आहे.