लावणीच्या दिवसांतली कॅप्सूल

मृग लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळ्यात साखर, पित्त आणि आंबा किती खावा हे प्रश्न असतात; जूनपासून नुसता ताप. यंदाचे पहिले पत्र रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या एका गावातल्या भगिनीचे आहे. त्यांचे शौहर भाताची शेती करतात, दाराशी दोन म्हशी आहेत. डॉक्टरांनी त्यांना ताप नसतानाही आठवड्यातून एकदा घ्यायला डॉक्सीसायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या. भगिनी विचारतात : "आजार नसताना अँटिबायोटिक कशाला? ती बाधणार नाही ना? आणि कॅप्सूलचे वरचे आवरण कशाचे असते?"

तीनही प्रश्न रास्त आहेत. त्यातला पहिला आधी घेऊ.

हे औषध लेप्टोसाठी आहे. लेप्टोचे जंतू उंदीर, गुरे, कुत्रे यांच्या लघवीतून बाहेर पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात टिकून राहतात. चिखलणी करताना पायाला भेग असेल, बोटांच्या बेचक्यात कातडी सडली असेल किंवा काटा लागला असेल, तर तेथून ते शरीरात शिरतात. डोळ्यांत, तोंडात पाणी उडाले तरी शिरतात. म्हणजे लावणीचा माणूस, गोठा साफ करणारी बाई, पुराच्या पाण्यातून चालत घरी आलेला मुलगा, हे सगळे या आजाराच्या वाटेवर उभे असतात. २००५ च्या २६ जुलैचा मुंबईचा पूर ओसरल्यावर तेथे लेप्टोची मोठी साथ आली. ज्यांचे नातेवाईक तेव्हा कुर्ल्यात किंवा कलिन्यात राहत होते, त्यांना ते दिवस आठवत असतील. आपल्या कोकणात तर दर पावसाळ्यात हा धोका असतोच.

आजाराआधी औषध घेऊन फायदा होतो का, हे १९८२ मध्ये पनामाच्या जंगलात तपासले गेले. तेथे प्रशिक्षणासाठी गेलेल्या ९४० अमेरिकन सैनिकांपैकी निम्म्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन दिली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. औषधवाल्यांत एकाला लेप्टो झाला, दुसऱ्या गटात वीस जणांना. म्हणून डॉक्टर हा मार्ग सुचवतात. मात्र सैनिक तेथे काही आठवडेच होते. आपण वर्षानुवर्षे चिखलात असतो, तेव्हा कोणी घ्यायची आणि किती आठवडे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. कॅप्सूल घेतली म्हणून गमबूट खुंटीला टांगून ठेवू नयेत, जखम उघडी ठेवून शेतात उतरू नये.

आता बाधण्याचा प्रश्न. ही गोष्ट आमच्याच घरात घडली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१४ ते २०१६ ही तीन वर्षे रमजान जून-जुलैत आला होता, ऐन लावणीत. २०१५ साली आमच्या मामूंना डॉक्टरांनी हीच कॅप्सूल आठवड्याला एकदा घ्यायला सांगितली. मामूंनी हिशेब केला : दिवसा रोजा, संध्याकाळी तरावीहची घाई, तेव्हा सेहरी बरी. त्या दिवशी उठायला उशीर झाला. अजानला दोन मिनिटे उरली असताना त्यांनी दोन्ही कॅप्सूल एका घोटाबरोबर गिळल्या, फजर पढली आणि आडवे झाले. उठले ते छातीच्या मधोमध आग घेऊन. तीन दिवस थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचे. मामींना वाटले हृदयाचे दुखणे आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितले, कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तेथेच विरघळली आणि आतली त्वचा भाजली.

डॉक्सीसायक्लिनचा हा स्वभावच आहे. पोटात गेली की ठीक, वाटेत थांबली की जाळते. म्हणून ती घेताना बसून किंवा उभे राहून पूर्ण पेलाभर पाणी प्यावे आणि पुढे किमान अर्धा तास आडवे होऊ नये. झोपण्याच्या वेळी तर ती घेऊच नये. मामूंनी घोटभर पाण्यात भागवले आणि वर झोपले, दोन्ही चुका एकदम. सेहरीत घ्यायचीच असेल तर जेवणाच्या सुरुवातीला घ्यावी, शेवटी नव्हे; वर पाणी भरपूर जाते आणि नमाजपर्यंत वेळही जातो. आठवड्याची कॅप्सूल असेल तर ती रात्रीच्या जेवणाबरोबर घेणे सगळ्यांत सोपे, फक्त लगेच बिछाना गाठू नये. ज्याला खरोखर लेप्टोचा ताप आहे, त्याची गोष्ट वेगळी. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा शरीअतने दिलेली आहे. तापाने फणफणलेल्या माणसाला पाणी कमी पाजणे लेप्टोत मूत्रपिंडांना महागात पडते.

दुसरी चूक आमच्या घरात होता होता राहिली, पण इफ्तारच्या दस्तरखानावर ती सगळीकडे होते. खजूर, मग दुधातले सरबत किंवा फालुदा, आणि त्याच घोटाबरोबर गोळी. दुधातले कॅल्शियम या औषधाला धरून बसते आणि ते रक्तात कमी उतरते. दही, पनीर यांचेही तेच. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, पित्तावरची पातळ औषधे, जस्ताच्या गोळ्या यांचे तर जास्तच. आपल्या घरांत बायकांना लोहाची गोळी बहुधा चालू असते, आणि सगळी औषधे एका डबीत ठेवून एकदम घेण्याची सवयही असते. दोहोंत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. साध्या जेवणाबरोबर डॉक्सीसायक्लिन चालते, उलट मळमळ कमी होते. भात-आमटी, भाकरी, मासे, काही हरकत नाही.

उन्हाचेही सांगायला हवे. हे औषध चालू असताना काही जणांची कातडी उन्हात पटकन भाजते. पावसाळ्यात उन्हाचे काय, असे वाटेल. पण लावणीत उघडीप पडली की कोकणातले ऊन कसे असते ते आपल्याला माहीत आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर इरले किंवा टोपी असू द्यावी.

कोणी घेऊ नये? गरोदर बहिणींना आणि आठ वर्षांखालील मुलांना ती साधारणपणे देत नाहीत, कारण वाढत्या दातांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग पडू शकतात. त्यांच्यासाठी डॉक्टरांकडे दुसरी औषधे असतात. दूध पाजणाऱ्या आईने, फिट्सची किंवा रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्याने, आणि पूर्वी या जातीच्या औषधाने अंगावर पुरळ आलेल्याने ते डॉक्टरांना आधीच सांगावे. औषध घेतल्यावर चेहरा सुजला, श्वास लागला किंवा रक्ताचे जुलाब झाले, तर पुढची मात्रा न घेता दवाखाना गाठावा.

मामूंच्या गोष्टीचा दुसरा भाग याहून वाईट आहे. छाती भाजल्यावर त्यांनी कॅप्सूल सोडली आणि उरलेली स्ट्रिप कपाटात ठेवून दिली. आपण टाकत नाही, पैसे गेलेले असतात. पुढच्या पावसाळ्यात आमच्या मामेभावाला ताप आला. डोके दुखत होते, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की चालवेना, डोळे लाल झाले होते. मामींनी त्या स्ट्रिपमधली एक कॅप्सूल सकाळी दिली. दोन-तीन तासांत थंडी भरून ताप चढला. "औषध गरम पडले," असे म्हणून त्यांनी ते थांबवले. दुसऱ्या दिवशी ताप थोडा उतरला, मग एक कॅप्सूल आणखी. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले आणि लघवी कमी झाली, तेव्हा त्याला रिक्षात घालून रत्नागिरीला आणले. नऊ दिवस तो दवाखान्यात होता. सलाईनमधून औषधे दिली, दोनदा डायलिसिस केले. अल्लाहच्या कृपेने मुलगा वाचला, आज नोकरी करतो. पण दाखल केले त्या रात्री डॉक्टरांनी मामूंना बाजूला बोलावून जे सांगितले, ते मामूंनी मामींना अजून सांगितलेले नाही.

मामींना दोष देण्यात अर्थ नाही. पहिल्या मात्रेनंतर थंडी वाजून ताप चढणे हे लेप्टोत होऊ शकते. जंतू मरू लागले की शरीर काही तास असे उसळते. ती औषधाची ॲलर्जी नसते, पण घरी बसून हे कळणार कसे? म्हणूनच पहिला डोस डॉक्टरांच्या नजरेखाली किंवा त्यांच्या सल्ल्याने घ्यायचा आणि असे काही झाले तर त्यांना कळवायचे, आपल्या मनाने थांबवायचे नाही. आजार सौम्य असेल तर डॉक्टर बहुधा दिवसातून दोन वेळा, सात दिवस देतात. दोन्ही वेळांत साधारण बारा तासांचे अंतर असावे. एखादी वेळ चुकली तर आठवताच घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. आठवड्याला एक अशी रोखण्यासाठी दिलेली मात्रा लेप्टोचा ताप बरा करू शकत नाही. ती घेणाऱ्याला ताप आला तरी त्याने रक्त तपासायला जायलाच हवे.

शिवाय प्रत्येक पावसाळी ताप लेप्टो नसतो. मलेरियाचे औषध वेगळे. डेंग्यू आणि सिंधुदुर्गात दोडामार्गकडे दिसलेला माकडताप हे विषाणूंचे आजार, त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. कपाटातली स्ट्रिप यातले काहीच ओळखत नाही. शिळ्या औषधाचा धोकाही खरा आहे : मुदत संपून खराब झालेल्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद १९६३ सालापासून आहे, आणि डॉक्सीसायक्लिन त्याच कुळातली. स्ट्रिपच्या पाठीमागची उभी लाल रेघ पाहा. २०१६ पासून सरकार तिचा अर्थ सांगत आले आहे : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

राहिला आवरणाचा प्रश्न. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनते. ते कोणत्या जनावराचे, हे स्ट्रिपवरून समजत नाही. डॉक्सीसायक्लिन गोळीच्या रूपातही मिळते. ज्यांच्या मनाला खटकते त्यांनी चिठ्ठी लिहून घेतानाच डॉक्टरांना तसे सांगावे, ते गोळी लिहून देतील. पाण्याचा आणि अर्ध्या तासाचा नियम गोळीलाही लागू आहे. गोळी मिळत नसेल आणि ताप अंगात असेल, तर मसअला आपल्या आलिमांना फोन करून त्याच दिवशी विचारावा, कॅप्सूल उशाला ठेवून जुम्म्याची वाट पाहू नये. आणि काही जण कॅप्सूल उघडून आतली पूड पाण्यात घालून पितात, तसे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, घसा भाजतो.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी शौहरांना रात्रीच्या जेवणात कॅप्सूल द्यावी, दुधाचा पेला दुपारी द्यावा, आणि लावणीआधी त्यांच्या टाचांच्या भेगा एकदा नीट पाहाव्यात. पुढच्या अंकात हत्तीरोगाच्या गोळ्यांविषयी लिहू; त्यावर चार पत्रे येऊन पडली आहेत.