मोत्या-मनीचा स्वभाव ओळखून असा



धान निसवायला लागले आहे. निंदण आटोपले, कापणीला अजून अवकाश आहे. अशा दिवसांत तुडतुड्यावर लिहायचे सोडून हा विस्तार अधिकारी कुत्र्या-मांजरांवर काय लिहीत बसला, असे कोणी म्हणेल. पण आमच्या भंडारा जिल्ह्यात तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत कोणत्याही गावी जा, ओसरीवर पाय ठेवण्याआधी पहिली ओळख होते ती घरच्या कुत्र्याशी. चहा येईपर्यंत मांजर येऊन चपलेचा वास घेऊन जाते. घरधनी पिकाबद्दल दोन वाक्ये बोलतो आणि मोत्याबद्दल दहा. "साहेब, आमचा मोत्या माणसासारखा आहे जी," हे वाक्य ज्या घरी ऐकायला मिळत नाही असे घर विरळा. तेव्हा आज त्यांच्याच गप्पा. गप्पांच्या शेवटी एक कामाची गोष्ट आहे, ती तेवढी चुकवू नका.

मोत्याचे वागणे

कुत्रा माणसाजवळ आला तो शेती सुरू होण्याच्याही आधी, माणूस शिकारीवर पोट भरत होता तेव्हा. हे लांडग्याच्या कुळातले जनावर. कळपात राहायचे, कळपातल्या प्रत्येकाला ओळखायचे आणि परका दिसला की आवाज द्यायचा, हे त्याच्या रक्तातच आहे. आता तुमचे घर हाच त्याचा कळप. म्हणून घरात सात माणसे असली तर सातांशी त्याचे वागणे सात तऱ्हांचे. घरधन्यापुढे शेपूट हालवील, आजीच्या पायाशी मुकाट पडून राहील, वहिनी चुलीजवळ असली की उंबऱ्याबाहेर बसून नुसता डोळ्यांनी मागेल. शेंडेफळाने कान ओढला तर उठून दुसरीकडे जाऊन बसेल.

गावात एकाच बनावटीच्या दहा मोटारसायकली असतात. नऊ गेल्या तरी मोत्या मान उचलत नाही आणि दहावी वेशीपाशी आली की उठून उभा राहतो. यात चमत्कार नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याच्या कानाला 45 हजारांच्या आसपास. इंजिनाची खडखड, साखळीची किरकिर यातले जे बारकावे आपल्याला कळतच नाहीत, ते त्याच्या ओळखीचे असतात.

काही कुत्री धन्याबरोबर शेतात निघतात, नाल्यापर्यंत येतात आणि तिथून परत फिरतात. लोक म्हणतात, आळशी आहे. तसे नव्हे. नाल्यापलीकडे दुसऱ्या टोळीची हद्द असते. वासावरून त्याला ती कळते आणि उगीच भांडण नको म्हणून तो आपल्या धुऱ्यावरूनच तुम्हाला निरोप देतो. धुऱ्यावरून आपण कोर्टात जातो, कुत्री तेवढी शहाणी असतात!

त्याच्या भुंकण्यालाही भाषा आहे. पाहुण्याला भुंकणे वेगळे, रानडुकराला वेगळे, माकडाला वेगळे. आणि कधी तो भुंकतच नाही, रात्री नुसता कण्हतो, दाराला अंग घासतो, आत घ्या म्हणतो. कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला या जंगलांच्या कडेच्या गावांत याचा अर्थ लोकांना चांगला ठाऊक आहे. बिबट जवळपास असला तर मोठ्याने भुंकणारा कुत्राही गप्प होतो. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वस्तीच्या आसपास वावरणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास झाला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. त्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाने 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. तेव्हा जंगलाकाठच्या गावी मोत्याला रात्री अंगणात साखळीने बांधून ठेवू नका. त्याला आत घ्या, नाहीतर बंद गोठ्यात ठेवा. बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही.

मनीचा कारभार

मांजराची कथा निराळी. कुत्रा शिकाऱ्याचा सोबती होता, मांजर मात्र शेतकऱ्याचीच. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आली. तिला कोणी पकडून आणले नाही, ती आपल्या कामाने आली. सायप्रस नावाच्या बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी मांजर पुरलेली सापडली आहे. इतके हे नाते जुने. अजूनही ती "मी तुमच्या घरी राहते" असे न वागता "तुम्ही माझ्या घरी राहता" असेच वागते, ते काही उगीच नाही.

धानाच्या ढोलीपाशी मनी तासन् तास एका कोपऱ्याकडे पाहत बसते. आपल्याला तिथे काहीच दिसत नाही, ऐकू येत नाही. घरातली म्हातारी म्हणते, तिला काहीतरी दिसते गं बाई. तिला दिसत नसते, ऐकू येत असते. उंदीर एकमेकांशी फार बारीक आवाजात बोलतात. आपल्या कानापलीकडचा तो आवाज मांजराला स्पष्ट ऐकू येतो. तिचा कान कुत्र्याहूनही तिखट. तिच्या मिशा म्हणजे मोजपट्टी. अंधारात फटीतून अंग जाईल की नाही हे ती मिशांनी ओळखते. पोरे खेळता खेळता त्या कापतात, तसे करू देऊ नका.

मांजर पिलांना सात घरे फिरवते, असे आपण म्हणतो. सात नसतील, पण तीन-चार जागा ती बदलतेच. एका जागी पिलांचा वास साचला की बोका किंवा कुत्रा माग काढतो, म्हणून ही तिची युक्ती. पिले तुम्ही वारंवार हाताळली तरी ती बिऱ्हाड हलवते. तिच्या बाळंतपणात आपण फार लक्ष घालू नये.

एक इशारा. उंदरांचे औषध घरात, ढोलीजवळ ठेवता तेव्हा मनीला विसरू नका. औषध खाऊन मेलेले उंदीर सकाळी वेचून खोल पुरा, उकिरड्यावर फेकू नका. ते मांजराच्या नाहीतर कुत्र्याच्या तोंडी लागतात आणि फुकट राखण करणारा जीव जातो. आणि मांजर आडवी गेली म्हणून काम सोडून घरी परतणाऱ्यांना सांगणे एवढेच, की ती तिच्या कामाला निघालेली असते, आपणही आपल्या कामाला जावे.

स्वभाव बदलला की सावध

आता कामाची गोष्ट. घरच्या कुत्र्याचा, मांजराचा स्वभाव इतका बारकाईने तुम्हाला ठाऊक असतो, त्याचा मोठा उपयोग आहे. जनावर बोलत नाही. त्याचे दुखणे पहिल्यांदा दिसते ते त्याच्या वागण्यात. आणि सगळ्यांत भयंकर दुखणे, म्हणजे पिसाळणे, ज्याला रेबीज म्हणतात, तेही पहिल्यांदा स्वभावातच दिसते.

नेहमी अंगाशी येणारा मोत्या कोपऱ्यात, अंधारात जाऊन बसला, हाक मारली तर गुरगुरला, तर सावध व्हा. उलट, कोणाच्या जवळ न येणारा कुत्रा एकाएकी अंगचटीला येऊ लागला, तरीही सावध व्हा. भुंकण्याचा आवाज घोगरा होणे, माती-लाकूड चावणे, विनाकारण धावत सुटणे, लाळ गळणे, खालचा जबडा लोंबणे, मागचे पाय लटपटणे ही पुढची लक्षणे. पिसाळलेला कुत्रा धावून चावतोच असे नाही. काही कुत्री नुसती मलूल होऊन पडतात. घशात हाड अडकले असेल म्हणून घरधनी तोंडात हात घालतो आणि लाळ हाताच्या ओरखड्याला लागते. असा हात कधीही घालू नका. त्याला कोंडून ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

भुंकणारा कुत्रा चावत नाही, ही म्हण बोलायला ठीक, भरवसा ठेवायला नाही. त्यातून हे भाद्रपदाचे दिवस. कुत्र्यांच्या टोळ्या फिरतात, भांडणे होतात आणि तुमचा मोत्याही बाहेरून चावे घेऊन घरी येतो. त्याच्या अंगावर जखम दिसली तर ती लपलेली राहू देऊ नका.

लेकराने सांगितले पाहिजे

या रोगाची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की मग औषध जवळजवळ नाहीच. पण चावल्याबरोबर उपचार केला तर माणूस हमखास वाचू शकतो. 6 जुलै 1885 रोजी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो जगला. त्याला आता 140 वर्षे होऊन गेली. तरीही जगात दरवर्षी अंदाजे 59 हजार माणसे या रोगाने जातात आणि त्यांत आपल्या देशाचा वाटा फार मोठा आहे. त्यांत लहान मुले पुष्कळ.

मुले का जास्त? ती पिलांशी खेळतात. दात लागतो, नख लागते आणि "बाबा मारतील", "आई कुत्र्याला सोडून देईल" या भीतीने ती गप्प बसतात. रोग साधारण दोन-तीन महिन्यांनी डोके वर काढतो, कधी आठवड्यात, कधी वर्षाने. तोवर ओरखडा भरून आलेला असतो आणि कोणाला आठवतही नाही. म्हणून आज रात्री जेवताना लेकरांना एवढे सांगा: कुत्र्याचा, मांजराचा दात किंवा नख लागले तर लगेच सांगायचे, कोणी रागावणार नाही. आणि सांगितल्यावर खरेच रागावू नका, नाहीतर पुढल्या वेळी ते सांगणार नाही.

पिलू लहान आहे, त्याच्यापासून काय होणार, असे म्हणू नका. पिलालाही हा रोग होतो आणि मांजरालाही.

चावल्यावर काय करावे

पहिले काम, नळाखाली किंवा मगाने पाणी ओतत साबण लावून जखम पूर्ण 15 मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा. तिखट, चुना, हळद, राख काही लावू नका, पट्टी बांधू नका. मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी रुग्णालय गाठा. तिथे लस फुकट मिळते.

पोटात 14 सुया घेतात, ही धास्ती म्हाताऱ्या माणसांच्या मनात अजून आहे. ती जुनी लस आपल्या देशात 2004 साल संपता संपता बंद झाली. आता सुई दंडाला असते. पहिली त्याच दिवशी, त्या दिवसापासून मोजून पुढच्या 3 ऱ्या, 7 व्या आणि 28 व्या दिवशी. दुसऱ्या एका पद्धतीत 14 व्या दिवशी आणखी एक असते. डॉक्टर कार्डावर तारखा लिहून देतात. रोवणी असो की कापणी, तारीख चुकवायची नाही. जखमेतून रक्त आले असेल तर लसीशिवाय जखमेतच द्यायचे आणखी एक औषध असते, त्याबद्दल डॉक्टरांना आठवणीने विचारा.

चावलेल्या कुत्र्याला रागाने काठीने मारून टाकू नका. शक्य असेल तर त्याला सुरक्षित कोंडून 10 दिवस लक्ष ठेवा. तो 10 दिवस धडधाकट राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत हा विषाणू नव्हता असे समजते आणि पुढच्या सुयांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतात. पण ते 10 दिवस सरण्याची वाट पाहत लस लांबवू नका. लस आधी, पाहणे मागून.

ढोरांकडेही लक्ष असू द्या

पिसाळलेला कुत्रा गाई-म्हशीला, बैलालाही चावतो. ढोर सारखे हंबरू लागले, आवाज बदलला, लाळ गळू लागली, चारा गिळता येईना, तर घशात काही अडकले असे समजून तोंडात हात घालू नका. आधी पशुवैद्यकांना बोलवा. अशा जनावराचे दूध घरात घेऊ नका, विकू नका. दूध चांगले उकळले की हा विषाणू मरतो, त्यामुळे उकळलेले दूध आधी पिण्यात गेले असेल तर घाबरून जाऊ नये. कच्चे प्यायले असेल तर डॉक्टरांना सांगावे.

या पंधरवड्यात

28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. तोवर एक काम करा. मोत्याला दोरी लावून आणि मनीला टोपलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि लस टोचून आणा. भाद्रपदात जुळलेल्या कुत्रीला साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे थंडी लागता लागता पिले होतात. ती तीन महिन्यांची झाली की, म्हणजे माघ-फाल्गुनात, पहिली सुई, महिन्याने दुसरी आणि मग दरवर्षी एक. तारीख घरातल्या कॅलेंडरवर धानाच्या कामांशेजारी लिहून ठेवा.

पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकत आलो. आपल्याला एवढे धावायचे नाही. जो जीव वर्षभर आपले खळे राखतो, ढोली राखतो, त्याच्यासाठी वर्षातून एकदा दवाखान्यापर्यंत चालायचे आहे. त्याच्या त्या एका सुईने घरातले लेकरूही राखले जाते.