सहल सर्वांची : आई पायथ्याशीच का?

दौंडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, धाकट्याच्या पायात कॅलिपर आहे आणि थोरल्याला किल्ल्यांशिवाय दुसरे काही सुचत नाही. दिवाळीच्या सुट्टीत लेणी पाहायची आहेत, पण सगळ्यांना मिळून जाता येईल असे ठिकाण कोणते, असे त्या विचारतात. पत्र वाचून आम्ही खजील झालो. त्याचे कारण आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही शिरूरहून जीप करून लेण्याद्रीला गेलो होतो. तिथल्या सुमारे ३०० पायऱ्या पाहून आम्हीच परस्पर ठरवून टाकले, "आई, तू इथंच बस, सामान सांभाळ." ती बसली. आम्ही परत आलो तेव्हा ती पिशव्यांच्या ढिगाशी डोक्यावर पदर घेऊन बसलेली, माकडे हाकायला हातात काठी. घरी परतताना तिने एवढेच विचारले, "आत काय होतं रे?" जीपभर माणसे, पण एकालाही धड सांगता आले नाही. फोटो मात्र सगळ्यांनी काढले होते.

भगिनींना आम्ही जुन्नरच सुचवतो. गाव लहान, पण भोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी कोरलेली आहेत आणि प्रत्येक डोंगराचा चढ वेगळा. म्हणून कोणाला काय झेपते ते घरीच बोलून घ्यावे, आणि ज्याचे पाय दुखतात त्याला आधी विचारावे.

सासूबाईंसाठी गावाच्या पश्चिमेची तुळजा लेणी. चढ थोडका आहे, बसत उठत जाता येते. तिथले चैत्यगृह गोल आहे, असे फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. मध्ये स्तूप, त्याच्याभोवती बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमट. मूर्ती दिसत नाही म्हणून मुले हिरमुसतात. त्यांना आधीच सांगावे, की ही लेणी कोरली तेव्हा वंदना स्तूपाला होत असे.

लेण्याद्री मधली. वाट बांधीव पायऱ्यांची असल्याने कॅलिपरवाला मुलगाही थांबत थांबत चढू शकेल. आमचा पुतण्या चढला. पण लक्षात ठेवा, खरा त्रास उतरताना होतो. चढताना दम लागतो, उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो. काठी उतरण्यासाठीच न्यावी आणि निम्मी ताकद राखून ठेवावी. पायथ्याशी डोलीचीही चौकशी करावी. डोलीत बसायला आपल्या बायाबापड्यांना संकोच वाटतो, तो त्यांचा त्यांनी ठरवावा. वर सहाव्या क्रमांकाचे लेणे चैत्यगृह आहे. शेजारचे सातवे, जिथे गिरिजात्मजाच्या दर्शनाला गर्दी असते, तेही मुळात भिक्खूंचे विहारच. एवढा मोठा दगडी मंडप आणि आत एकही खांब नाही!

थोरल्याला शिवनेरीवर पाठवा. १६३० साली शिवरायांचा जन्म झाला तो हा किल्ला. वाट सात दरवाजांतून पायऱ्यांनी जाते. त्याला सांगा, याच किल्ल्याच्या कड्यांत लेणी आहेत आणि इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याची टाकी दान दिल्याचा लेख आहे. साखळीच्या वाटेचा हट्ट मात्र माहीतगाराशिवाय पुरवू नका. मानमोडीच्या डोंगरावर नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, पण तिथली वाट घसरडी आहे. ती धडधाकटांनीच चालावी. जुन्नरच्या लेखांत राजे-अमात्यच नाहीत, बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणीही आहेत. हे मुलांना जरूर सांगावे.

दौंडकरांनी चौफुला, न्हावरेमार्गे शिरूरला यावे आणि पुढे नारायणगाववरून जुन्नर गाठावे. पावसात शेवाळ असते, उन्हाळ्यात कातळ तापतो. दिवाळीनंतरचे दिवस बरे. खाऊ हातात धरू नये, माकडे हिसकावतात. कड्याला आग्या मोहोळ दिसले तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको.

आता आमच्या आईचे. पुढच्या हिवाळ्यात तिला तुळजा लेणीला नेले. अर्धा रस्ता ती पुतण्याच्या खांद्याला धरून चालली, उरलेला पुतण्या तिच्या. आत गेल्यावर तिने खांब मोजले, मग भिंतीवर तळवा ठेवून कितीतरी वेळ घाव चाचपत राहिली. १९७२ च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. "हा माणूस उजवीकडून मारत आलाय," ती म्हणाली, "आणि इथं दुसरा लागलाय हाताला. बघ, याचा घाव हलका." आम्ही चारदा लेणी पाहिली होती, पण घाव कधी पाहिले नव्हते. पुतण्याने बॅटरी धरली आणि ती एकेक जागा दाखवत गेली. सामान त्या दिवशी आम्ही सांभाळले.