मावळचं लाकूड मावळातच राहू द्या

कार्ल्याच्या चैत्यगृहात उभं राहून मान वर करा. छताच्या कमानीला लाकडी फासळ्या दिसतील, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. स्तूपावरची छत्रीही लाकडीच. मावळच्या दमट हवेत हे लाकूड टिकलं, आणि त्याच डोंगराखालच्या गावांत पणजोबांनी घडवून घेतलेली चौकट आज सरपणाच्या भावानं जाते आहे.

गळकं घर पाडून स्लॅबचं बांधू नका, असं कुणालाही म्हणता येणार नाही. पण घर पाडण्याआधी एक दिवस थांबा. गणेशपट्टी, कडीकोयंडा, फडताळ, देव्हारा, भाताची कणगी, उखळ-मुसळ, जातं हे सगळं आधी उतरवून घ्या, फोटो काढा. जागा नसेल तर विका, हक्कानं चांगली किंमत घेऊन विका. फक्त भंगाराच्या टेम्पोत टाकू नका.

आता लोणावळा, खंडाळा, पवनेच्या काठी बंगले बांधणाऱ्यांसाठी. तुमच्या दिवाणखान्यात मुद्दाम ओरखडे पाडून ‘जुनं’ केलेलं नवं फर्निचर दूरच्या शहरांतून येतं. तीन-चार मैलांवरच्या पडवीत मात्र अस्सल पेटारा वाळवीची वाट पाहत पडलेला असतो. तो घ्या. घेताना कुठल्या गावचा, कुणाच्या घरचा, त्यात काय ठेवत, हे विचारून कागदावर लिहा आणि तो कागद आतून चिकटवा. ही माहिती गेली की उरतो तो नुसता शोभेचा खोका. चकचकीत पॉलिश नको. माती झाडून जवसाच्या तेलाचा हात पुरतो. पावसाळ्यात भिंतीपासून आणि ओल्या फरशीपासून तो वेगळा ठेवा. देवळातली मूर्ती किंवा कोरीव खांब कुणी आणून दिला, तर मात्र हात लावू नका. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२चा पुरावशेष कायदा लागू होतो.

साध्या वस्तूंचं मोल आपल्याकडे ओळखलं गेलं नाही असं नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दारं, स्वयंपाकाची भांडी आयुष्यभर जमवली आणि मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभं केलं. मेक्सिकोत फ्रीडा काहलो या चित्रकर्तीचं घर १९५८पासून संग्रहालय आहे. तिच्या स्वयंपाकघरातली गावठी मातीची भांडी बघायला जगभरातून लोक येतात. आपल्या चुलीजवळचं सामान त्याहून हलकं कसं?

आणि केवळ जुनं जपून भागणार नाही. बुरुडाचा हात थांबला तर पुढच्या पिढीला जपायला काही उरणारच नाही. प्लास्टिकच्या कागदानं इरलं मागे टाकलं, पत्र्याच्या पिंपानं कणगी. बंगल्याला दिव्याची टोपली हवी, हॉटेलला सुपं, परड्या हव्यात, तर आधी वडगाव-कामशेतच्या आसपास बांबूकाम करणारे कोण उरलेत ते शोधा. घासाघीस न करता आगाऊ पैसे देऊन काम सांगा. मावळातल्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी या उन्हाळ्यातच एक खोली मोकळी करावी. घरातून निघणारी वस्तू तिथे आणून ठेवायची आणि तिची हकीकत आजीकडून मुलांनी लिहून घ्यायची.