घरपट्टी : सवलत कोणास आणि कशी?

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी पेण मागे टाकून निडीस पोहोचते, तोवर प्रवाशाने घरपट्टीचे तीन अंमल ओलांडलेले असतात : पनवेलला महानगरपालिका, पेणला नगरपरिषद आणि निडीसारख्या गावी ग्रामपंचायत. कायदे वेगळे, तरी घरमालकाचे गाऱ्हाणे एकच आहे. मराठीत 'मिळकत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कर बसतो तो एका मिळकतीवर, म्हणजे घरावर. भरावा लागतो तो दुसऱ्या मिळकतीतून, म्हणजे कमाईतून. निवृत्त माणसाचे घर महाग होते, निवृत्तिवेतन तेवढेच राहते. या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

पनवेलचा दाखला बोलका आहे. 1 ऑक्टोबर 2016 रोजी महानगरपालिका स्थापन झाली. खारघर, कामोठे, कळंबोली येथील रहिवाशांच्या हाती मात्र 2021 मध्ये मागील वर्षांच्या आकारणीसह देयके पडली. त्याच काळात सिडकोचे सेवाशुल्कही ते देत होते. थकबाकीवर दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के शास्ती! पुढे 2025 मध्ये शास्ती कमी करणारी अभय योजना आली. परंतु अशा योजनांनी वेळेवर कर भरणारा नागरिक मूर्ख ठरतो, हे आम्हांस नमूद केलेच पाहिजे.

सवलतीचे प्रयोग झालेच नाहीत असे नव्हे. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना 2022 मध्ये करमाफी मिळाली. पुण्यात मालक स्वतः राहत असल्यास मिळणारी 40 टक्क्यांची जुनी सवलत बंद झाली आणि 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. यांपैकी पुण्याचे तत्त्व आम्हांस अधिक न्याय्य वाटते. क्षेत्रफळ हे ऐपतीचे माप नव्हे. मलबार हिलवरील लहान सदनिकेस माफी आणि निडीतील तेवढ्याच घरास पट्टी, हा भेद कोणत्या न्यायात बसतो?

तथापि सरसकट माफीची मागणी आम्ही करणार नाही. जकात गेली, स्थानिक संस्था करही गेला. आता मालमत्ता कर हेच स्थानिक संस्थांचे स्वतःचे प्रमुख साधन उरले आहे. तेही गेले तर रस्ते आणि दिवाबत्ती यांसाठी त्यांना सदैव शासनाच्या दारी उभे राहावे लागेल, आणि मग स्वराज्य संस्था हे नाव तेवढे शिल्लक राहील.

म्हणून आमच्या सूचना मोजक्या आहेत. मालक स्वतः राहत असलेल्या एका घरास राज्यभर समान सवलत असावी. अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना अधिक सूट मिळावी. फेरआकारणीतील वाढ एकदम न लादता टप्प्याटप्प्याने लागू करावी, मागील वर्षांची आकारणी टाळावी आणि शास्ती माफक करावी. सवलत शासनाने जाहीर केली, तर तिची भरपाईही शासनानेच करावी. दुसऱ्याच्या तिजोरीतून औदार्य दाखविणे सोपे असते.

कर देण्यास नागरिक नाखूश नसतो. आपल्यावर आकारलेली रक्कम कशी ठरली आणि तिचे पुढे काय झाले, एवढेच त्यास कळावयास हवे. ते सांगण्याचे धैर्य राज्यकर्ते दाखवतील, तर ओझे निम्मे हलके होईल.