घाण्याचा शनिवार

वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि म्हणतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू चढत नाही. वर्षातून हा एक दिवस. अलिबागेच्या आसपासच्या काही घरांत मात्र घाण्याच्या बैलाला ही सुटी दर आठवड्याला मिळे. शुक्रवारी दिवेलागणीला थांबलेला घाणा शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत फिरत नसे. सोमवार पाळणारे सोमवार तेली, म्हणून गावानं यांना नाव दिलं शनवार तेली.

हे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. त्यांच्यातली परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. मग उरलं काय? आठव्या दिवशीची सुंता, खवल्यांचीच मासळी खाण्याचा दंडक, ‘शेमा’ ही एकच प्रार्थना आणि शनिवारचा बंद घाणा. डेव्हिड राहाबी नावाचा परदेशी ज्यू आला, त्यानं बायांपुढे नाना तऱ्हेची मासळी टाकली. त्यांनी बिनखवल्यांची बाजूला सारली आणि राहाबीनं ओळखलं, ही आपलीच माणसं. दंतकथाच ही, पण तिच्यात साक्ष पोथी देत नाही, मासळी निवडणारे हात देतात.

पंचांग हरवलं तसे सण स्वयंपाकघरात टिकले. एक खिरीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकदिनाला नाव पडलं बिरड्याचा रोजा, कारण त्या उपासाशी वालाचं बिरडं जोडलेलं. प्रायश्चित्ताचा मोठा उपास झाला दारफळणीचा सण: त्या दिवशी दारं लावून घरात राहायचं. नवस-शुभकार्याला भिजलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळं यांचा मलिदा ताटात रचून एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यायचं. हा संदेष्टा अलिबागजवळच्या खंडाळ्याहून स्वर्गी गेला, अशी तिथली श्रद्धा. देवाची वाट परदेशातून नव्हे, आपल्याच शिवारातून जाते असं मानणाऱ्या वऱ्हाडी माणसाला यात नवल वाटू नये.

ग्रंथ परत आले ते नंतर. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. मिशनरी शाळांतून हिब्रू शिकवली गेली. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचा हागादा हा ग्रंथ मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत छापला गेला. १८७४ च्या पुण्याच्या आवृत्तीतल्या चित्रात लुगडं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. १८८० च्या सुमारास या समाजानं कीर्तनही उचललं आणि अब्राहाम-मोशेची आख्यानं मराठीत रंगू लागली. गाडगेबाबांच्या मुलुखाला कीर्तनाची ताकद निराळी सांगायला नको.

त्यानंतर इस्राएल झालं आणि माणसं गेली. १९५१ च्या जनगणनेत भारतातले ज्यू २६ हजारांवर होते, २०११ ला पाच हजारांच्या आत आले. सामुदायिक उपासनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. जिथे नऊच जमतात, तिथे दहाव्याची वाट पाहावी लागते. देव एकट्याचंही ऐकतो, पण सोबत बसल्याशिवाय काही प्रार्थना पुऱ्या होत नाहीत. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीत सामुदायिक प्रार्थनेचा एवढा आग्रह धरला, त्यामागची समजही याहून फार दूरची नाही.

धर्म बुडतो कधी आणि तरतो कशानं, याचा हा मोठ्या पल्ल्याचा दाखला आहे. ग्रंथ गेला, भाषा गेली, देश गेला; तरी काय करायचं नाही हे घरानं पक्कं ठरवलं होतं. एक दिवस तेल गाळायचं नाही. त्या दिवशी धंदा बुडायचा, शेजारी हसत असतील, पण त्या बुडालेल्या धंद्यावरच शतकानुशतकांची ओळख तरली.

सरकीच्या तेलावर वाढलेल्या अकोल्याला आणि कापसावर उभ्या राहिलेल्या अमरावतीला हा हिशेब कळायला हवा. आपले सण आता वाढत चाललेत, मंडप वाढलेत, आवाज तर वाढलाच आहे. थांबणं तेवढं कमी झालं. मोशेच्या आज्ञेत विश्रांतीचा हक्क मालकाबरोबर गड्याला आणि बैलालाही दिला आहे. आपल्या पोळ्यालाही ते ठाऊक होतं. आता गोठे रिकामे होताहेत आणि दाराशी ट्रॅक्टर उभा आहे. त्याचे खांदे शेकायला नकोत. तो चालवणाऱ्याचे मात्र दुखतात, आणि त्याला आवतन द्यायला कोणी येत नाही.